खिळे ठोकलेल्या खिडक्या

४ मार्च
"तू आमची की त्यांची?" – फटाकडीने आज जेवणाच्या सुट्टीत तोंडावर विचारलं. उत्तर काय द्यायचं? खरंच माहीत नाही मला!

तोंड तसं तडतडणारं म्हणून सगळ्याजणी तिला फटाकडीच म्हणतात. ती सीमेपलीकडून येते. रोज सकाळी येतात तिच्यासारख्या बऱ्याच जणी, बुटांना सोल चिकटवायला. साहेबांना त्यांची भाषा येत नाही, त्यांना साहेबांची. मधे मी – दुभाषी. पदवी माझी, भाषा पलीकडून लग्न होऊन आलेल्या आजीची. बाबा कारखान्याच्या गेटवर वॉचमन. आल्यागेल्याला सांगतात, "लेक आत खुर्चीवर बसते." घरात आजवर कोणी खुर्चीवर बसून कमावलंय!

७ मार्च
खिडक्यांना खिळे ठोकलेत. वारा लागला की चिकटवायचं सोल्युशन सुकतं, माल वाया जातो. त्या वासाने डोकं गरगरतं. बायका उगाच हसत सुटतात. "फुकटात चढते, आणखी काय पाहिजे गं?" – फटाकडी. पोटुशी आहे ती!

९ मार्च
बायकांचं ठरलं होतं – खिडक्या उघडेपर्यंत ब्रश हातात घ्यायचा नाही. फटाकडी साहेबांसमोर ताठ उभी. साहेब मला म्हणाले, "सांग त्यांना, वारा खायचा असेल तर घरी बसा. पलीकडे रांग लागलीय कामाला."

मी सांगितलं – "साहेब म्हणतात, बघतो. थोडे दिवस द्या."

भांडण नको, कुणाची नोकरी जायला नको, एवढंच मनात होतं. त्या कामाला लागल्या. साहेब खूश. "पोरगी हुशार आहे!"

१२ मार्च
"बघितलं का गं साहेबांनी?" – "बघतायत."

१३ मार्च
पुन्हा तेच.

१६ मार्च
फटाकडी चक्कर येऊन कोसळली. कपाळ मशीनवर आपटलं. शुद्धीवर आल्यावर माझाच हात धरला – "तू म्हणालीस म्हणून थांबलो ना आम्ही."

घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खुंटीला टांगली. मग, "तू तोंड उघडलंस तर माझंही काम जाईल. धाकटीचं शिक्षण आहे अजून. नीट विचार कर, बाळा." ओरडले असते तर बरं झालं असतं!

१७ मार्च
कामावर गेले. खुर्चीवर बसले. आले.

१९ मार्च
फटाकडी कपाळाला पट्टी बांधून कामावर. तिने साहेबांना खिडक्यांचं पुन्हा विचारलं. तेच उत्तर. या वेळी मी बायकांना शब्द न् शब्द सांगितला. ९ तारखेचाही – साहेब काय म्हणाले होते, मी काय सांगितलं होतं.

शिव्या पडतील असं वाटलं होतं. फटाकडीने नुसता ब्रश खाली ठेवला. मग शेजारणीने. मग सगळ्यांनी. मी माझी खुर्ची उचलली.

काच फुटल्याचा आवाज ऐकून बाबा गेटवरून धावत आले. शिट्टी ओठांत होती. वाजवली नाही.

आत वारा आला. माझ्या खुर्चीचा एक पाय अजून त्या खिडकीत अडकलेला असेल.