लाल डब्यातला की निळ्या डब्यातला

दि. ३ मार्च

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं आहोत तसे आहोत. तुझ्या आईचा रक्तदाब ताब्यात आहे. माझा खोकला दरवर्षी असतो तेवढाच आहे. तू बरा असशील असं धरून चालतो.

पाकीट बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही, कोणी अंथरुणाला खिळलेलं नाही. एका यंत्राविषयी विचारायचं आहे, एवढंच काम. सहा वर्षांनी पत्र लिहितो आणि तेही कामापुरतं, असं तू म्हणशील. म्हण. पण इथे कोणाला विचारायची सोय राहिलेली नाही, जो तो मला वेड्यात काढतो.

घरातला कॉम्प्युटर बंद पडला. वय झालं असेल. दुकानदार म्हणतो, आतलं सगळं भंगार झालं, नवा बोर्ड आणि नवा प्रोसेसर घाला. मी म्हणालो, घाला. तर तो म्हणतो, कुठला घालू? त्यानं काउंटरवर दोन डबे ठेवले, एक लाल, एक निळा. इथून माझ्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली.

"काका, काम काय करणार त्याच्यावर?"

"घरचं."

"घरचं म्हणजे?"

"म्हणजे घरात असतं ते!"

"गेमिंग आहे का?"

मी म्हणालो, असेल थोडंफार. तो गालात हसला. "तुम्ही खेळता?" हे एवढ्या मोठ्यानं, की मागची चार गिऱ्हाइकं माझ्याकडे वळून बघायला लागली. मी सांगितलं, बायको खेळते. मग तर विचारूच नकोस.

त्याचं म्हणणं असं. लाल गेमिंगला एक नंबर, रोजच्या कामाला ठीक. निळा रोजच्या कामाला एक नंबर, गेमिंगला ठीक. लालमध्ये आठ कोअर, म्हणजे आत राबणारे गडी, आहेत, निळ्यात चौदा. मी म्हणालो, मग चौदाचा चांगला. "तसं नसतं काका." मग मोजता कशाला, मी विचारलं. तर म्हणे निळ्यातले सहाच दणकट आहेत, बाकीचे आठ हलक्या कामाचे. आणि लालच्या पोटात साठवण जास्त आहे, त्यामुळे खेळताना त्याला सारखं बाहेर मागायला जावं लागत नाही. मी म्हणालो, एक साधं सांगा, दोघांतला आवाज कोण कमी करतो? त्यावर तो म्हणाला, "काका, प्रोसेसर बोलत नाही." तेवढं मलाही कळतं. मी पंख्याचं विचारत होतो.

माझं शिक्षण सातवीपर्यंत, हे तुला ठाऊक आहे. पण चाळीस वर्षं आपल्या दुकानात शिवणयंत्रं दुरुस्त केली. असं कोणी मला काउंटरवर उभं करून शाळकरी पोरासारखं हसलं नव्हतं. दोन ओळींत कळव. लाल की निळा.

कळावे,
तुझे वडील

ता. क. हे पत्र लिहिल्याचं आईला बोलू नकोस. म्हणजे बोलणं होत असेल तर. होतं की नाही, मला काही कल्पना नाही.


दि. १५ मार्च

चि. खटपट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. टाइप केलेलं. वर 'नमस्कार', खाली तुझं नाव, मध्ये पाच प्रश्न. मी दोन ओळींत उत्तर मागितलं होतं, तू परीक्षेचा पेपर पाठवलास. डॉक्टरसुद्धा एवढं विचारत नाही.

असो. लिहितो.

कॉम्प्युटर कोण वापरतं, कशासाठी, असं विचारलंस. तुझी आई. सकाळी विजेचं बिल भरते, बहिणींना फोटो पाठवते, पालेभाज्यांचे व्हिडिओ बघते आणि भाजी नेहमीचीच करते. दुपारी चार ते पाच ट्रक चालवते. हो, ट्रक. आयुष्यात सायकलला पाय लावला नाही, आणि आता पडद्यावर सोळा चाकांचा ट्रक घाटातून उतरवते. कानाला ते हेडफोन लावून "अरे हळू, पुढे वळण आहे" म्हणून ओरडते. कोणाला म्हणते ते तिचं तिला माहीत. व्यायामाच्या वर्गातली एक मैत्रीण आहे म्हणाली होती.

अडकतं तेव्हा चित्र अडकतं की आवाज, हे मला कसं ठाऊक असणार? मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असतो.

सध्या चार वाजले की ती त्या बंद पडद्यासमोरच्या खुर्चीवर बसते आणि कीबोर्डवरची धूळ पुसते. रोज. धूळ नसते. मग मोबाइल घेऊन गच्चीवर जाते आणि पाच मिनिटांत खाली येते. फोनवर लोकांना काय बोलावं सुचत नाही असं दिसतं. "ठीक आहे ना, ठीक आहे," झालं. ट्रक चालवताना तासभर तोंड चालू असायचं. खाली आली की माझ्याशी जेवणापुरतं बोलते. मीठ हवंय का, एवढंच. माझा काय गुन्हा?

दोन डब्यांचा मी माझ्या परीनं विचार केला. कारखान्यातलं शिवणयंत्र असतं ना, एका सरळ टाक्याचं, ते मिनिटाला पाच हजार टाके घालतं. पण त्याला काजं करायला सांग, करणार नाही. घरातलं यंत्र रमतगमत चालतं, पण काज, बटण, रफू सगळं करतं. म्हणजे लाल हे कारखान्याचं यंत्र आणि निळं घरचं. हे मी दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही यूट्यूबवर या." टिंगल करत होता की काय, कळलं नाही. दोन दिवस त्याचाच राग येत होता.

पत्ता कुठून मिळाला, हेही विचारलंस. मिळाला. पोस्टमनला पोचवता आलं म्हणजे बरोबरच आहे.

आता तुझा पाचवा प्रश्न. पहिला प्रोसेसर गेला कसा, त्याला अजून पाच वर्षं काही व्हायला नको होतं. धुळीनं गेला असेल. रस्त्यालगतचं घर आहे, धूळ येते. मी काय सांगू?

लाल की निळा, ते अजून तू लिहिलेलं नाहीस. एका माणसाला एक शब्द लिहायला किती वेळ लागतो?

तुझे वडील


दि. २८ मार्च

चि. खटपट्या,

तुझं दुसरं पत्र चार ओळींचं. त्यातल्या तीन ओळी मी दहा वेळा वाचल्या आणि चौथीनं माझी झोप उडवली.

शिवणयंत्राची तुलना बरोबर आहे, असं लिहिलंस. मी ते दुकानदाराला नेऊन दाखवलं. आईच्या ट्रकला आणि बिलांना निळा पुरून उरेल, लाल घ्यायची गरज नाही, असं लिहिलंस. बरं. आणि मग, "बाबा, पंख्याच्या खाली राखाडी पेस्ट होती, तिचं काय झालं?"

तू तिकडे बसून इकडचं ओळखलंस. काम शिकला आहेस.

ऐक आता. पंख्याला खरखर यायला लागली होती. यंत्राची खरखर मला सहन होत नाही, ते तुला माहीत आहे. तुझी आई बाजारात गेली होती. मी झाकण उघडलं, पंखा ओढून काढला. त्याच्या बुडाशी आणि खाली त्या चौकोनी चकतीवर राखाडी चिकट लेप होता. मला वाटलं, जुनं वाळलेलं ग्रीस. चाळीस वर्षांत असं ग्रीस मी हजार यंत्रांमधून खरवडून काढलं. रॉकेलच्या चिंधीनं दोन्ही बाजू घासल्या. चकतीत तोंड दिसेल इतकी लखलखीत केली. मग पंख्याला तेल सोडलं, शिवणयंत्राचंच, चार थेंब. कदाचित सहा. सगळं जागेवर बसवलं. आवाज एकदम बंद. मी खूष!

दहा मिनिटांत यंत्र आपोआप विझलं. मी पुन्हा चालू केलं. पुन्हा विझलं. असं किती वेळा केलं, विचारू नकोस. शेवटी जळका वास आला आणि मग काहीच झालं नाही. दुकानदारानं उघडलं तेव्हा बोर्डवर तेल पसरलेलं. तो म्हणाला, "काका, ती पेस्ट उष्णता वर पंख्याकडे न्यायला असते. आणि हे तेल कोणी घातलं?" मी म्हणालो, काय माहीत. आईनं विचारलं, "अहो, तुम्ही हात लावलात का?" मी म्हणालो, छे. तुलाही धूळ म्हणून लिहिलं. एका खोट्याचे तीन ठिकाणी तीन तुकडे केले.

आता आवाज मला का सहन होत नव्हता, तेही लिहून टाकतो. एकदा सुरुवात केलीच आहे.

खोक्यावर पत्ता होता. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आला तेव्हा तुझी आई म्हणाली, मामानं पाठवला. मी खोकी टाकत नाही. त्यावर तुझं नाव होतं. तेव्हापासून मला माहीत आहे की चार ते पाच ती कोणाबरोबर ट्रक चालवते. पहिल्याच आठवड्यात तिच्या तोंडून "खटपट्या" निघून गेलं होतं. बाहेर बसून पेपर धरायचो. तुझा आवाज यायचा नाही, तिचा यायचा. त्यावरून मला कळलं की तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तुझ्या घरात पाण्याचा त्रास आहे. तुझ्या हाताखाली आता आठ जण आहेत, दिवसभर गेम खेळून त्यातल्या चुका शोधणारे. हे सगळं मी दाराआडून गोळा केलं. मग तो पंखा खरखरायला लागला आणि तिचं अर्धं बोलणं बुडायला लागलं. म्हणून मी तो उघडला.

गेला महिनाभर मला तुझी काही खबर नाही. गुडघा आता कसा आहे तेही माहीत नाही. हे मी माझ्या हातानं करून घेतलं.

काल तिला सांगितलं. तेल, रॉकेल, सगळं. ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही.

"ठाऊक आहे मला. बाजारातून आले तर खोलीत तुमच्या दुकानाचा वास. चाळीस वर्षं तोच वास धुतलाय मी तुमच्या सदऱ्यांचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलता ते बघत होते. खटपट्या नवा पाठवणार होता. मीच म्हटलं, नको, ज्यानं बिघडवलाय त्याला धावू दे."

मी महिनाभर त्या काउंटरवर हसं करून घेतोय आणि ही बाई मजा बघतेय! मला इतका संताप आला. मी म्हणालो, माहीत होतं तर निदान त्याच्याशी बोलायला गच्चीवर तरी कशाला जायचीस, इथेच बोलायचं. मग बाकीचंही सांगितलं. पेपरचं. दाराचं.

तेव्हा तिनं मान वर केली. म्हणाली, "अहो, पेपर उलटा धरून बसायचात तुम्ही. मग काय, मी मोठ्यानं बोलायचे. तो म्हणाला गुडघा दुखतो, की मी म्हणायचे, काय म्हणालास, गुडघा दुखतो? त्याला वाटायचं आईला ऐकू कमी येतं."

खरंच असं वाटायचं का रे तुला? मीही तेच समजत होतो. कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून नंबर लावला होता.

मी लाल घेतला. तू निळा म्हणालास, पण लाल कमी तापतो, त्याचा पंखा कमी फिरतो, हे शेवटी दुकानदाराच्या तोंडून काढलं. आणि गेमिंगचा घेतला, असं मला तुला लिहायचं होतं. दुकानातल्या माणसानं माझ्यासमोर पेस्ट लावली. मुगाच्या दाण्याएवढी. मी हात मागे बांधून उभा राहिलो.

सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी आपल्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर मी तुझ्याबद्दल म्हणालो होतो की देवानं याला हात दिलेत ते नुसते बटणं दाबायला. तुला त्याच दिवशी नोकरीचं पत्र आलं होतं, ते तुझ्या खिशात होतं, तू मला दाखवायला आला होतास. ते मला तू घर सोडून गेल्यावर तुझ्या आईकडून कळलं. तेव्हा मी जे म्हणायला हवं होतं, ते म्हणालो नाही. पुढे एकेक दिवस गेला तसं ते जड होत गेलं. मी चुकलो. हे वाक्य लिहायला मला आज दुपारचे दोन तास लागले. तीन कागद फाडले.

मंगळवारी चार वाजता यंत्र चालू होईल. तुझी आई म्हणते, तुमची खुर्ची आत घ्या आता, दाराआड बसून पाठ धरते. मी म्हणालो, त्याला विचारल्याशिवाय नाही. ती म्हणाली, मग विचारा. म्हणून हे पत्र.

मी काही बोलणार नाही. बोललो तर उलटंच निघतं तोंडातून. नुसता बसेन. नको असेल तर नको म्हण, मी समजेन, आणि तुझ्या आईचा ट्रक अडवणार नाही.

मला उत्तर लिहू नकोस. तिला सांग. ती मोठ्यानं म्हणेल.

मंगळवारी चार वाजता बाहेरच्या खोलीत खुर्चीला हात लावून उभा असलेला,
तुझा बाबा