बोटीवर गेलेला मुलगा

ती. बाबा,

आज एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी मला विचारलं, "इंग्रजी साहित्य शिकून पोरगी करणार काय?" तुम्हीही हेच विचारलं होतंत, शिलाई मशीनवर बसून, तोंडात टाचण्या धरून. मी आता तोच विषय शिकवते.

परीक्षेआधी मी तुम्हाला कादंबरी मराठीत सांगायचे आणि तुम्ही सदऱ्यांना काजं करत ऐकायचात. एकदा जेवताना तुम्ही म्हणालात, "त्या बाईच्या काळजीनं मला झोप नाही." आईचा घास हातातच राहिला. "कोण ही बाई?" मग दोन दिवस अबोला. शेवटी मी पुस्तक आणून दाखवलं, तेव्हा कुठे ती हसली. म्हणाली, "मग मलाही सांगा की." तेव्हापासून माझ्याकडून ऐकलेलं तुम्ही तिला सांगायला लागलात.

तुम्ही गेल्यापासून आई फारसं बोलत नाही. काल मात्र आपणहून म्हणाली, "बोटीवर गेलेला त्या बाईचा मुलगा घरी परत आला, ते सांगताना तुझ्या बाबांचे डोळे भरून आले होते."

बाबा, पुस्तकात तो परत येत नाही. मी तुम्हाला शेवट जसाच्या तसा सांगितला होता.

तुमची,
धाकटी