घमेल्याचा आवाज

प्रिय आर्डिस,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. नाताळ अजून लांब आहे, मग ह्याला मधेच काय झालं, कोण गेलं, असंही मनात आलं असेल. कोणी गेलेलं नाही. म्हणजे जाणारे जातच असतात, पण आपल्यातलं कोणी नाही. आपल्यात उरलंय तरी कोण, तू आणि मी. खरं तर फोनच करणार होतो. पण फोनवर तू नुसतं 'बरं' म्हणतेस आणि तुझ्या त्या 'बरं'पुढे माझी गाडी सरकत नाही. उभा जन्म दुसऱ्याच्या तोंडी घालायला वाक्यं लिहिली, आणि सख्ख्या बहिणीशी बोलायचं म्हटलं की माझ्याकडे एक वाक्य नसतं. कॉफी करून घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

माझं म्हणशील तर गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. माझी जोन वारल्यापासून स्वयंपाकघरात एकच दिवा लावतो. सूपचा एक डबा उघडला की दोन वेळा पुरतो. शेजारचं जोडपं सज्जन आहे, पण त्यांच्या मते मी पूर्वी टपाल खात्यात होतो, आणि मीही ती समजूत मोडलेली नाही. अध्यक्षांची भाषणं लिहायचो म्हटलं की लोक आधी कोणत्या अध्यक्षांची विचारतात, आणि नाव सांगितलं की 'अच्छा, ते होय' म्हणून हवापाण्याकडे वळतात. एकदाच निवडून आलेल्या आणि दुसऱ्यांदा आपटलेल्या माणसाची आम्ही माणसं. जिंकलेल्यांच्या माणसांना पुढे नोकऱ्या मिळतात, पुस्तकं निघतात. आम्हाला वर्षातून एक जेवण आहे.

त्या जेवणाचं तुला कधी सांगितलं नाही. नदीपलीकडच्या एका जुन्या खाणावळीत मागची खोली घेतो. टेबलाच्या टोकाची खुर्ची आमच्या अध्यक्षसाहेबांसाठी रिकामी सोडायची आणि जेवणाआधी सगळ्यांनी उठून त्या खुर्चीकडे बघून पेला उचलायचा, हा पहिल्यापासूनचा रिवाज. सुरुवातीला दाराबाहेर उभं राहून जेवावं लागायचं, इतकी गर्दी. यंदा मी आणि टॅल्मन. टॅल्मन म्हणजे आमचा पत्रकारांशी बोलणारा, टीव्हीवर तू ज्याला 'तो बोकड' म्हणायचीस तोच. आता एका कानानं ऐकू येत नाही त्याला, तेवढ्यानं बोलणं कमी होईल तर शपथ. वेटरनं त्या रिकाम्या खुर्चीपुढे पाव आणून ठेवला आणि विचारलं, तुमचे तिसरे येतायत का. टॅल्मन म्हणाला, "येतायत, येतायत, त्यांची सवयच आहे उशिरा यायची. मतंसुद्धा उशिराच आली त्यांची." मग आम्ही दोघं टेबलाला धरून कसेबसे उठलो आणि खुर्चीला पेला दाखवला. शेजारच्या खोलीतून कोणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं येत होतं. घरी परतताना मला फार एकटं वाटलं, आर्डिस. तुला सांगायला काय लाजायचं.

तर मुद्द्याची गोष्ट. तुझ्या कानावर आलेलं आहेच, एक विद्यापीठ आमच्या त्या चार वर्षांतल्या सगळ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवतंय. मंत्र्यांपासून खानसाम्यापर्यंत सगळ्यांच्या. गेल्या नाताळच्या कार्डावर तू शुभेच्छांच्या खाली एवढंच लिहिलं होतंस: आता तरी आईचं नाव सांग. ते कार्ड मी फ्रिजवर लावून ठेवलंय. दूध काढायला गेलं की तू डोळे वटारून उभी. माझी पाळी ह्याच महिन्यात आली. नदीन नावाची प्राध्यापिका आली होती, माझी नात शोभेल अशा वयाची असेल, फार नीट वागणारी. दुपारभर बोललो. कराचं भाषण, संपाचं भाषण, हरल्यावरचं भाषण. आणि शेवटी तिनं हळूच विचारलं की घमेल्याची ती गोष्ट, ती साहेबांनी तुम्हाला कधी सांगितली. मी तिला म्हटलं, बाई, यंत्र बंद करा, ह्याचं उत्तर पुढच्या खेपेला.

त्या गोष्टीचं तुझ्या बाजूनं काय झालं ते तू मला फोनवर एकदाच सांगितलंस आणि मग बोलायचीच बंद झालीस. माझ्या बाजूचं तू कधी ऐकलं नाहीस, ते आता ऐक. आईला पुरून मी परत कामावर आलो त्या आठवड्यात साहेबांबरोबर विमानात होतो. वादळानं अर्धं गाव उडून गेलं होतं तिकडे चाललो होतो आणि मला एक ओळ सुचत नव्हती. साहेब येऊन माझ्या शेजारी बसले. कागद राहू दे म्हणाले, आईबद्दल सांग. मला वाटलं दोन शब्द विचारतील आणि उठून जातील. उठले नाहीत. मग मी आपल्या त्या हिवाळ्यांचं सांगितलं. बर्फाचं वादळ सुटलं की अंगणात हाताला हात दिसायचा नाही, बाबा गोठ्यात धारा काढत असायचे, आणि आई मागच्या दारात उभी राहून भांडी धुवायचं पत्र्याचं घमेलं बडवत राहायची, त्या आवाजाच्या रोखानं बाबांनी घर गाठावं म्हणून. आणि बाबा आत आले, बूट काढले, जेवायला बसले तरी ती बडवतच राहायची. तू खिडकीपाशी बसून ओरडायचीस, अगं आले ना ते, सूप निवतंय. आणि ती म्हणायची, बाहेर अजून कोणी असलं तर? एवढं सांगून मी लहान पोरासारखा रडलो. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

भाषणात ती गोष्ट त्यांनीच घालायला लावली. भाषणं लिहिणाऱ्यांच्या आमच्या खोलीचा एक कडक नियम होता: लिहिणाऱ्यानं दिसायचं नाही. 'माझ्या एका सहकाऱ्याची आई' असं लिहिणं म्हणजे टोपी न काढता चर्चमध्ये शिरण्यासारखं, म्हणून मी लिहिलं 'माळावरच्या एका शेतकऱ्याची बायको'. आईच्या हातात असायचं ते लेफ्साच्या बटाट्याच्या पोळ्या लाटायचं खाचांचं लाटणं, पण लेफ्सा कोणाला कळणार म्हणून मी तिच्या हाती पळी दिली. शाळेच्या व्यायामशाळेत माणसं गोधड्या पांघरून बसली होती. साहेबांनी कागदावरून मान वर केली, त्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "माझी आई." मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. त्या क्षणी मला वाटलं जीभ घसरली. अजूनही तसंच वाटतं. पण समोरची म्हातारी माणसं हुंदके देत होती, अशा वेळी हात वर करून थांबवणार कोण. परतीच्या विमानात टॅल्मननं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "त्यांची आई वारलेली, तुझी आई वारलेली, दोघींपैकी कोणी तक्रार करणार आहे का? सोड ना." तक्रार करणारी तू होतीस, ते त्याला काय माहीत.

पुढचं तुला ठाऊक आहे. निवडणुकीच्या सभांना लोक घरातली घमेली घेऊन यायला लागले. वर्तमानपत्रांत साहेबांच्या आईचा फोटो आला, गळ्यात मोत्यांची माळ घातलेल्या बाईचा, जिनं आयुष्यात कधी पत्र्याला हात लावला नसेल. तू फोनवर म्हणालीस, "किती घेतलेस रे तिचे?" आणि ठेवून दिलास. मला तुझा राग आला, आर्डिस, आणि तो बरीच वर्षं टिकला. मी विकली नव्हती तिला. एका माणसानं मनापासून विचारलं म्हणून सांगितलं होतं, आणि त्यानंतर तसं कोणी विचारलंच नाही. तूही नाही. पण रागानं झालं काय, आईबद्दल ज्या एकाच माणसाशी बोलता आलं असतं त्याच माणसाशी बोलणं तुटलं.

नदीन गेल्यावर मला वाटलं, बोलण्याआधी साहेबांना एकदा भेटावं. ते डोंगरातल्या घरी असतात, मुलगी कोरिन सांभाळते. दारातच ती म्हणाली की ओळखलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. मी आत गेलो, सवयीनं ताठ उभा राहिलो आणि म्हटलं, मिस्टर प्रेसिडेंट. ते म्हणाले, "आपण विम्याचे का?" मी म्हटलं, हो. ते खूश झाले, म्हणाले विम्याची माणसं सहसा इतकी गरीब दिसत नाहीत. बोलणं तसंच मिश्किल आहे, फक्त त्यामागचा सगळा माल गेलाय. बायकोचं नाव गेलं, देशाचे अध्यक्ष होतो हे गेलं, हरलो हेही गेलं, त्यात त्यांचं भलंच झालं म्हण. आम्ही खिडकीशी बसून सूप घेतलं. बाहेर वारा सुटला, खिडकीची तावदानं वाजली, तसे ते सावध झाले. कोरिन माझ्या कानाशी म्हणाली, "आता आजीची गोष्ट सांगतील. रोज दुपारी सांगतात. तेवढी एकच राहिलीय त्यांच्याकडे." आजीची म्हणाली ती. तिला दुसरं काही ठाऊकच नाही.

आणि त्यांनी सांगितली. सगळी. अंगण, गोठा, निवणारं सूप, खिडकीतून ओरडणारी मोठी बहीण. हो, तू पण आहेस त्यात, आणि आवाज अगदी तुझा काढतात. भाषणात मी तुला घेतलं नव्हतं. मग म्हणाले, "आईच्या हातात लाटणं असायचं, खाचांचं." माझ्या हातातला चमचा तिथंच थांबला. कोरिन हसून म्हणाली की हे लाटणं कुठून आलं देव जाणे, आयुष्यभर पळी म्हणायचे. मला माहीत आहे कुठून आलं. मी लिहिलेलं भाषण त्यांच्या डोक्यातून पार पुसून गेलंय. राहिलंय ते विमानात ऐकलेलं. माझ्या शेजारी बसून तो माणूस किती नीट ऐकत होता, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. मग त्यांनी चमच्यानं खुर्चीच्या हातावर ठोकायला सुरुवात केली. थोडं ठोकलं की थांबायचे, मान वाकडी करून वाऱ्याकडे कान द्यायचे, आणि पुन्हा ठोकायचे. प्रत्येक वेळी थांबले की डोळे पाण्यानं भरायचे. मी कोरिनला काही सांगितलं नाही. तिनं जाताना मला मक्याचा पाव बांधून दिला.

नदीनचं काय करायचं ते मी ठरवलंय, आणि तुला ते पसंत पडेल न पडेल, पण असंच होणार. पुढच्या खेपेला मी सगळं सांगेन: बोर्गिल्ड टॉलेफ्सन, तिचं घमेलं, तिचं लाटणं, तिची दोन मुलं. आईचं नाव आईला परत मिळेल. पण ते ध्वनिमुद्रण साहेब असेपर्यंत उघडायचं नाही, अशी अट घालायची सोय आहे, ती मी घालणार. त्यांच्याकडून सगळं गेलंय. उरलेली एक आई मी काढून घेणार नाही. आपल्या आईनंही घेतली नसती.

हे एवढं तुला फोनवरही सांगता आलं असतं, तुझ्या 'बरं'सकट. पत्र लिहायला बसलो ते साहेबांच्या त्या ठोकता ठोकता थांबण्यापायी. घरी आल्यापासून मी डोळे मिटून आईला मागच्या दारात उभी करतो, घमेलं दिसतं, लाटणं दिसतं, पण ती मधेच थांबून ऐकायची का, हे काही केल्या आठवत नाही. मीच विमानात सांगितलं असेल आणि माझ्याकडून ते हरवलं असेल. किंवा ते साहेबांचं स्वतःचं असेल. जगात हे माहीत असलेलं आता एकच माणूस आहे, आणि ते खिडकीपाशी बसायचं. तू ये, आर्डिस. विमानाला घाबरतेस, तर आगगाडीनं ये, मी स्टेशनवर उभा राहीन, टोपीवरून ओळखशील. आपण डोंगरात जाऊ, विम्याची माणसं म्हणून बसू, सूप घेऊ. वारा सुटेल, तो म्हातारा ठोकायला लागेल, थांबून कान देईल, आणि तेव्हा तू नुसती माझ्याकडे बघून मान हलव, हो किंवा नाही. आई बाबा आल्यावरही कोणासाठी बडवत राहायची ते लहानपणी मला कधी कळलं नाही. ह्या घरात बसून आता कळतंय. मी अजून बाहेरच आहे गं.

वाट बघणारा, तुझाच धाकटा,
ऑरिन