बांडगुळाची गोणी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद आणि एक कानपिचकी. आशीर्वाद आधी घे, कानपिचकी सावकाश येतेच आहे.

परवा फोनवर तू मामीला म्हणालीस, बांडगुळाच्या अर्काच्या सुया मला मानवल्या, झोप लागते, दोन घास जातात. आता कॅन्सरच्या गाठीसाठी ती केमोची सलाइनं नकोत, सुयाच पुरे. मी फोन हातात घेतला, तर ठेवूनच दिलास!

अगं, बांडगूळ म्हणजे माझा जन्माचा वैरी. सफरचंदाच्या फांदीवर पाखरानं चिकट बी पुसलं की संपलं. हिरवा झुबका फांदीत मुळं खुपसतो आणि झाडाचं पाणी आयतं पितो. उभं आयुष्य मी लांब दांड्याची कात्री घेऊन त्याच्या मागे. पण तुझ्या डॉक्टरीणबाई त्याचाच अर्क देतात म्हटल्यावर गड्यांना दम भरला, एकाही झुबक्याला हात लावाल तर खबरदार, ते आपल्या ठमीचं औषध आहे! शेजारचा बागवाला कुंपणावरून विचारतो, काय हो, यंदा सफरचंदं सोडून हीच लागवड का?

मामी माझ्याहून वरचढ. तिनं फळांसकट पातेलंभर काढा चढवला. मी मात्र अर्कासाठी म्हणून गोणी भरून थेट तुझ्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ओतली. फळं घरंगळत पार दारापर्यंत! बाई खो खो हसल्या, पण काढ्याचं ऐकताच ताडकन उठल्या. काका, आधी घरी फोन करा, ते ओतून द्यायला सांगा, पोटात गेलं तर विषबाधा होईल. सुईतला अर्क कारखान्यात मोजूनमापून करतात. फोनवर मामीचं काय, तर म्हणे मी चमचाभर चवच बघणार होते!

मग बाईंनी मला चहा पाजला. मी विचारलं, यानं गाठ जाते ना? त्या म्हणाल्या, तसा भक्कम पुरावा माझ्यापाशी नाही, काका. मूळ उपचाराच्या जोडीला दिलं तर काहींना तरतरी वाटते, तुमच्या भाचीलाही वाटतेय, म्हणून देते. पण गाठ लहान झाली ती सलाइनमुळे, आणि ती मधेच सोडली तर पुन्हा फोफावेल. माझा चहा कपातच गार झाला.

घरी येऊन शिडी लावली, सगळे झुबके उतरवले. गडी गालातल्या गालात हसत होते. हसू देत.

सलाइननंतरच्या उलट्या मी काही सोसलेल्या नाहीत, तेव्हा त्यावर उपदेश करणार नाही. केसांचं म्हणशील, तर माझं टक्कल तुझ्या लग्नाच्या फोटोत नवरदेवापेक्षा जास्त चमकतंय. अजून कुणी मला फोटोतून कापलेलं नाही.

आता ऐक. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. तुझ्यासमोर उभा राहिलो की मी लगेच विरघळतो आणि तू त्याचा फायदा घेतेस, म्हणून मामीच्या हाती दिलंय. ती तुझ्या दारात उभी आहे, तिला आत घे, धाप लागली असेल. मी खाली गाडीत आहे, गुडघा जिना चढू देत नाही. डॉक्टरीणबाईंनी आज तुझ्यासाठी खाट राखलीय. सलाइन संपेपर्यंत आम्ही दोघं तुझ्या उशाशी बसणार, आणि मामी बडबडून तुला वैताग आणणार. मला तू हवी आहेस, पोरी. चप्पल घाल आणि खाली ये.

तुझाच,
खाली ताटकळलेला मामा