फुग्याची शेपटी

२ मार्च, सोमवार
नवी वही. नियम तीन. रोज लिहायचं, खरं लिहायचं, रडगाणं नाही.

प्रोबेशन संपायला दोन महिने उरले. सर माझ्यावर खूश आहेत. बोलून दाखवत नाहीत, पण मोठी माणसं दाखवत नसतात. आज म्हणाले, अगं, तू अजून इथेच? साडेसहा वाजून गेले होते. आवाजात कौतुक होतं.

काम असं. सर आमच्या ‘वादळ’ चित्रमासिकाची गोष्ट लिहितात, चित्रकारकाका चित्रं काढतात, आणि मी संवाद सुबक अक्षरात फुग्यांमध्ये बसवते. शेवटी फुग्याला शेपटी काढते. शेपटी ज्याच्या तोंडाकडे, वाक्य त्याचं. म्हणजे कोण काय बोललं हे अखेर मीच ठरवते. घरी ‘लेखन विभाग’ असं सांगितलंय. खोटं नाही.

६ मार्च
वादळ पूल उचलतो, आगी फुंकून विझवतो. झुळूक त्याची साथीदार. ती आधी जाऊन खिडक्या उघडते, लोकांना बाहेर काढते, मागाहून वादळाचा फाटलेला अंगरखा शिवते. नव्व्याण्णव अंकांत तिला वाक्य एकच: मी आहे ना. सर म्हणतात, तिला तेवढं पुरे. माझं मत असं की सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. हे मत मी अजून फक्त इथे मांडलंय.

बाबा लिफ्ट चालवतात. आकडे झरझर वाचतात, अक्षरं बोट ठेवून. दर अंकात वादळाची भाषणं ओलांडून झुळुकीचा फुगा शोधतात. मी, आहे, ना. कुठे अडत नाहीत. आई शेजारणीला दाखवते, हे आमच्या मोठीनं लिहिलंय. धाकटी म्हणाली, तीन शब्द लिहायला पंधरा वर्षं शिकली. घरातल्या पहिल्या पदवीधराला असं ऐकावंच लागतं.

११ मार्च
घात. शंभराव्या अंकात झुळूक मरणार.

सरांनी चहा ढवळता ढवळता सांगितलं. खप घसरलाय, कुणीतरी गेलं पाहिजे, वादळाला तर मारता येत नाही. चित्रकारकाका म्हणाले, बरं झालं, दर पानाला एक आकृती कमी, हात फार दुखतो.

निश्चय: झुळुकीला वाचवायचं. उद्या सरांशी स्पष्ट बोलणार.

१२ मार्च
बोलले नाही. सरांचा घसा बसला होता. त्यांना गरम पाणी करून दिलं. दोनदा.

१३ मार्च
बोलले. सर म्हणाले, कोण झुळूक? मग म्हणाले, हां, ती होय. मग म्हणाले, पंखा जरा कमी कर.

विचार करतायत.

१८ मार्च
फार मोठी बातमी. माझ्या अक्षराचा फॉन्ट होणार. कॉम्प्युटरवर कुणीही टाइप केलं तरी माझंच अक्षर उमटणार. सर म्हणाले, तुझं अक्षर म्हणजे अंकाची ओळख, ते आपल्याकडे राहायला हवं. ‘आपल्याकडे’ म्हणाले. मी त्या शब्दाखाली लगेच रेघ मारून ठेवली.

फॉन्टवाल्यानं तीनशे नमुने मागितलेत. मी सहाशे देणार. चित्रकारकाका म्हणाले, पोरी, आपल्या हातानं सगळं काढून देऊ नये, थोडं मागे ठेवावं. जळतात. त्यांच्या चित्रांचा फॉन्ट कुणी मागितला नाही.

२४ मार्च
जोडाक्षरं संपवली. ‘ङ’ आजवर एकाही फुग्यात लागला नाही, तरी पाच तऱ्हांचे दिले. फॉन्टवाल्यानं विचारलं, मॅडम, यानंतर तुम्ही काय करणार? म्हटलं, सहलेखन. तो बराच वेळ एकच वायर गुंडाळत राहिला. लाजाळू मुलगा.

झुळुकीविषयी सरांना अकरा पानी टिपण दिलं. चहाचा कप त्यावर ठेवलेला दिसला. म्हणजे टेबलावर हाताशी आहे.

३० मार्च
शंभराव्या अंकाचं शेवटचं पान आलं.

झुळुकीला प्रथमच मोठा संवाद. ‘मी चालले. माझी वाट पाहू नकोस. फार दमले रे.’ आणि वादळ काय म्हणतो? ‘मी आहे ना.’ बाईचं एकुलतं एक वाक्य, तेही मरतेवेळी काढून घेतलं. डबा उघडला, खाल्ला नाही.

दुपारी तीन वाजता सुचलं. काकांचा हात दुखत होता म्हणून त्यांनी नुसते दोन चेहरे काढलेत, समोरासमोर, भोवती धूर. कोण पडलंय, कोण सावरतंय, काही कळत नाही. सगळं ठरणार शेपट्यांवर. दोन शेपट्यांची अदलाबदल केली की जाणारा वादळ, राहणारी झुळूक. एकही शब्द बदलायचा नाही. शेपूट घालणाऱ्यातली मी नव्हे.

पाच वाजता शेपट्या काढल्या. प्रूफही मीच वाचते. तीनदा वाचलं. शेपट्या सुरेख.

१० एप्रिल
अंक आला.

शेवटचं पान. कपाळ पोलादाचं, जबडा चौकोनी, आणि वादळ म्हणतोय: मी चालले. माझी वाट पाहू नकोस. फार दमले रे.

चाललो. दमलो. चाललो, दमलो, चाललो, दमलो. भाषा विषयात पहिला वर्ग. मी फक्त शेपट्या वाचल्या.

चित्रकारकाका टेबल धरून हसत होते. म्हणाले, शंभर अंक पूल उचलले बिचाऱ्यानं, दमली असेल.

१३ एप्रिल
सरांनी आत बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, शाळेतली पोरं एकमेकांना ‘फार दमले रे’ म्हणून चिडवतायत, तीन दुकानदारांचे फोन आले. मी सांगितलं, चूक माझी, पण सर, झुळूक वाचली. सर हळू आवाजात म्हणाले, माणसाचा हात म्हटला की चूक आलीच, म्हणून तर तो फॉन्ट केला. तीस तारखेपर्यंत तुझं टेबल मोकळं करून दे.

टेबल बदलतंय. आतल्या खोलीत खिडकीशी जागा आहे खरी. लिहिणाऱ्याला उजेड लागतो.

२० एप्रिल
आतल्या खोलीच्या खिडकीशी कॉम्प्युटर बसवला. माझ्यासाठीच असणार. टायपिंग शिकायला घेतलं.

३० एप्रिल
खिडकीशी खुर्ची एकच आणि तिच्यावर फॉन्टवाला.

सरांनी पत्र दिलं. ‘संपूर्ण निष्ठेने काम केले.’ पत्र माझ्याच अक्षरात होतं. मी ते लिहिलेलं नाही. निष्ठेतला ‘ष्ठे’ ओळखला, चोविसाव्या पानावरचा नमुना, शेपूट जरा लांब झालेलं.

मी म्हटलं, सर, निदान चुका तपासायला तरी ठेवा. पगाराचं नंतर बघू. मी आहे ना. सर म्हणाले, आहेसच की. आणि कॉम्प्युटरकडे हात केला. त्यांना ते चांगल्या अर्थानंच म्हणायचं होतं.

चित्रकारकाकांनी माझी पिशवी जिन्यापर्यंत आणली. त्यांचा हात खरंच दुखतो.

घरी सोमवारी सांगणार. उद्या एक मेची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार, कशाला नासायचे.

४ मे, सोमवार
सांगितलं नाही. आईनं डबा भरून ठेवला होता, भरल्या डब्यापुढे कसं सांगायचं. वाचनालयात बसले, दहा ते साडेसहा. सहा अर्ज लिहिले. एके ठिकाणी फोन करून विचारलं, तर म्हणाले, हस्ताक्षरात नको, टाइप करून आणा.

७ मे
नियम दोन मोडतेय. इथे खरं लिहितेय, पण संध्याकाळी जेवताना बाबा विचारतात, आज काय लिहिलंस, तेव्हा रोज एक प्रसंग सांगते. काल झुळुकीनं आख्खी आगगाडी थांबवली. बाबा जेवायचे थांबले होते. उद्या सांगून टाकणार. नक्की.

११ मे, संध्याकाळ
बाबा येताना एकशे एकावा अंक घेऊन आले. मी भाजी निवडत होते. हात थांबला.

वादळ पहिल्या पानावर उभा. काही झालंच नाही असा. झुळूक नाही. मेली असंही कुठे लिहिलेलं नाही. नुसती नाही. बाबांचं बोट चित्राचित्रावरून फिरत राहिलं. शेवटच्या पानापर्यंत गेलं, परत पहिल्यावर आलं. म्हणाले, आमची बाई कुठंय गं, मला सापडत नाही.

माझ्या तोंडाशी आलं होतं. बाबा, एक सांगायचंय, एवढं म्हणालेसुद्धा.

तेवढ्यात त्यांचं बोट मागच्या पानाच्या तळाशी थांबलं. चौकट होती. चुकीची दुरुस्ती: मागील अंकात वादळाच्या तोंडी ‘चालले’, ‘दमले’ असे छापले गेले. ते ‘चाललो’, ‘दमलो’ असे वाचावे.

शेपटीचं कुणाच्या लक्षातच आलेलं नाही.

बाबांना एवढं वाचता येईना. पण चष्मा वर करून जवळून बघितलं आणि आईला हाक मारली, अगं, ये, बघ, बाई नसेना का, पोरीचं अक्षर आहे इथं. आई हात पुसत आली. म्हणाली, हो की, तिचंच. धाकटीनंही वाकून बघितलं, आणि या खेपेला शब्द मोजले नाहीत.

बाबांनी विचारलं, तुझंच ना?

म्हटलं, हो, माझंच आहे.

मग म्हणाले, तू काहीतरी सांगत होतीस.

म्हटलं, उद्या डबा थोडा कमी भरा, एवढंच.