खुडलेल्या कळ्या

ऑगस्ट २, तैशो ११ (इ.स. १९२२)

आज पुन्हा तेच. गुरुजी मागून आले, रेशमावरच्या माझ्या चित्रावर वाकले, म्हणाले, "किनु, हात छान बसलाय." बस्स. आणि मग मिसाओच्या कोऱ्या कागदापुढे चहा गार होईपर्यंत उभे! ओगुरा गुरुजींच्या चित्रशाळेत माझं तारुण्य रंग घोटण्यात गेलं. ही पोरगी मिसाओ आली गेल्या वसंतात.

तोक्योच्या प्रदर्शनाला शाळेतून एकच चित्र जाणार. विषय गारवेल, पहाटे उमलून उन्हात मिटणारी. परसात कुंपणावर एकच वेल, दोघींना मिळून तीच. दादानं चित्रशाळेत येऊन सगळ्यांसमोर निक्षून सांगितलंय, यंदा माझं चित्र गेलं नाही तर ओत्सु गावच्या तांदूळवाल्याला होकार कळवणार. बिजवर आहे. "एकतिसाव्या वर्षी हेही नशीबच म्हणायचं," इति वहिनी.

ऑगस्ट ४

पहाटे उठून गेले तर ही आधीच वेलीपुढे उकिडवी! ऊन चढलं, फुलं मिटली, तरी हलेना. कागद कोराच.

"काय करतेस गं?"

"बघतेय, ताई."

बघतेय म्हणे. माझी वही भरली, रंगही चढायला लागला. आणि जेवताना गुरुजी थंड शेवया ओरपत म्हणतात कसे — "फुलाकडे बघणारं या घरात एकच माणूस आहे." माझ्याकडे न बघता.

ऑगस्ट ५

जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं एकदाचं.

ऑगस्ट ७

संध्याकाळी पाणी घालायला गेले आणि उद्या उमलणाऱ्या सगळ्या कळ्या नखानं खुडल्या. ओढ्यात टाकल्या. माझी फुलं रेशमावर उतरलीत. तिला बघू दे आता काय बघायचं ते!

काढायला घेतलेल्या झाडाला हात लावायचा नाही, हा या घरातला पहिला नियम. मागे एका शिष्यानं सोयीसाठी फांदी नुसती वाकवून बांधली, तर गुरुजींनी त्याचं बिऱ्हाड त्याच दिवशी उचलायला लावलं. खुडताना हे आठवत होतं, तरी खुडल्या.

ऑगस्ट १०

रोज खुडते. ती रोज येते. ना विचारते, ना इकडेतिकडे शोधते. आता तर चक्क काढत बसलीय. फुलं नाहीत तर काढतेय काय?

ऑगस्ट २५

दोन्ही चित्रं भिंतीला लागली. माझी फुलं निळी, टवटवीत, कुणीही छान म्हणेल अशी. तिच्या वेलीवर एकही फूल नाही. पानं, कुंपणाचा बांबू आणि खुडलेले देठ, टोकाला चीक सुकलेला. तिचं चित्र माझ्याहून चांगलं आहे. हे मी मेले तरी कुणाजवळ बोलायची नाही.

"हे जाईल," गुरुजी म्हणाले. मग अगदी जवळ गेले.

"वाऱ्यानं देठ असा तुटत नाही. किडीनंही नाही. हे नखानं खुडलंय. कोणी?"

मिसाओनं मान खाली घातली. "मीच, गुरुजी. मला देठ असेच हवे होते."

गुरुजींनी स्वतःच्या हातानं तिचं चित्र उतरवलं, गुंडाळून तिच्या हातात दिलं आणि सामान आवरायला सांगितलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं पाठवू."

हेच हवं होतं ना मला!

ऑगस्ट २६

फाटकाशी तिला गाठलं. का केलंस म्हणून विचारलं. बोचकं खांद्यावर घेत ती म्हणाली, "मला अजून पुष्कळ उन्हाळे आहेत, ताई. तुम्हाला हा एकच होता ना."

दया! माझी, आणि हिला!

आत माझं चित्र तोक्योसाठी बांधणारा माणूस खोळंबला होता. गाठ बसेना म्हणाला. दोरीवर बोट मीच ठेवलं, गाठ पक्की बसेपर्यंत.