थंड चहा कोण?

कोळिक्कोड

प्रिय रोसम्मा चेची,

मंगळवारी, २१ जानेवारीला, सकाळी अकरा वाजता तुझी लेक लिन्सी शिकवते त्या वर्गात पाहुणी म्हणून बसले आणि मी तोंड उघडलं.

पडद्यावर ऑनलाइन प्रश्नमंजुषा चालली होती. मुलं टोपणनावं घेऊन टॅबवर उत्तरं देत होती. सगळ्यांत तळाला ‘थंड चहा’.

मी ओरडले, “कोण हा दगड? उभा राहा!”

“मीच, मावशी,” लिन्सी म्हणाली. कुणी पोर तळाला दिसू नये म्हणून तीही टोपणनावानं खेळते नि मुद्दाम चुकते.

वर्ग खिदळला. तिच्या वरच्याच नंबरावरची अ‍ॅन्सी मात्र हळूच म्हणाली, “म्हणजे शेवटची मीच ना, टीचर?”

कॉन्व्हेंटात सिस्टर्सनी सगळं शिकवलं, गप्प बसणं तेवढं राहिलं. लिन्सी रागावलीसुद्धा नाही; मला मात्र नाश्त्याचा पुट्टू गिळवत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत?

अ‍ॅन्सीची माफी मागू, की त्यानं ती आणखीच लाजेल? ३१ तारखेच्या आत लेखी कळव. फोनवर तू माझीच बाजू घेतेस.

तुझी धाकटी बहीण,
अलेयम्मा